टायरच्या अंगावर लिहिलेले आकडे

कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या गावात पहाटे पाचला रस्त्यावर येऊन थांबलं, की आधी कानावर येते ती दुधाची गाडी. गाडी म्हणजे १०० सीसीची मोटारसायकल. मागे दोन्ही अंगांना लोखंडी कड्यांत अडकवलेले ४०-४० लिटरचे कॅन, टाकीवर मापांची पिशवी आणि पुढे कानटोपी घातलेला दूधवाला. त्याला आपल्या गाडीचा आवाज पाठ असतो. चेन सैल झाली, प्लगवर काजळी धरली, क्लच घसरायला लागला, तर ते सगळ्यांत आधी त्याला कळतं. मागच्या टायरकडे मात्र त्याची नजर जाते ती थेट पंक्चरच्या दिवशी. पंक्चरवाला चाक खोलतो, टायरवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "दादा, टायर पार गोटा झालाय की. ह्याला आता किती पंक्चरं काढू?"

मग टायरचं दुकान. दहा दिवसांचं दूधबिल यायला अजून अवकाश, खिशात पैसे मोजकेच. "स्प्लेंडरचा मागचा टायर दाखवा, स्वस्तातला," एवढंच मागणं. दुकानदार तीन टायर आणून समोर ठेवतो. तिन्ही काळे, तिन्ही सारखेच दिसणारे. किमतीत मात्र काही शे रुपयांचं अंतर. इथे बहुतेक जण सगळ्यांत स्वस्त तो उचलतात, नाहीतर शेजाऱ्याने घेतलेलाच मागतात. आपल्या कामाचा टायर कोणता, हे कंपनीने टायरच्या बाजूवर ठसवून ठेवलेलं असतं. ते वाचायला पाच मिनिटं पुरतात. हात आखडता असतानाही चांगला टायर मिळू शकतो, तो या पाच मिनिटांमुळे.

एक माप, दोन टायर

हल्लीच्या स्प्लेंडर प्लसच्या टायरवर '८०/१००-१८' असं लिहिलेलं असतं. ८० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे रुंदीच्या मानाने टायरची उंची, टक्क्यांमध्ये; म्हणजे इथे उंचीही ८० मिलिमीटरच. १८ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. पल्सर १५० च्या मागच्या चाकावर '१००/९०-१७' दिसतं, म्हणजे १०० मिलिमीटर रुंद, ९० मिलिमीटर उंच आणि १७ इंची रिमवर बसणारा. जुन्या गाड्यांवर '२.७५-१८' असं इंचांतलं माप असतं. वाचायची रीत तीच, पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमचा.

माप बरोबर आलं, की गिऱ्हाईक निर्धास्त होतं. खरी चूक त्याच्या पुढच्या आकड्यावर होते. स्प्लेंडर प्लसच्या पुढच्या आणि मागच्या टायरचं माप एकच आहे. पण पुढच्यावर मापानंतर '४७ पी' लिहिलेलं असतं आणि मागच्यावर '५४ पी'. यातलं 'पी' हे वेगाचं अक्षर आहे. ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी हा टायर बनवला आहे, असा त्याचा अर्थ. त्याआधीचा आकडा भाराचा. ठरावीक तक्त्यानुसार ४७ म्हणजे १७५ किलो आणि ५४ म्हणजे २१२ किलो. जुन्या २.७५-१८ मापातही हाच भेद होता. पुढे ४२, म्हणजे १५० किलो. मागे ४८, म्हणजे १८० किलो.

आता दूधवाल्याच्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडू. गाडीचं स्वतःचं वजन ११२ किलो. त्यातला निम्मा भार मागच्या चाकावर धरला तर ५६. चालवणारा ६५ किलोचा. त्यातले ४० किलो मागे. ४० लिटर दूध ४१ किलो भरतं, रिकामा कॅन सात-आठ किलोचा. अशा दोन कॅनचे साधारण ९७ किलो, आणि ते जवळपास सगळेच मागच्या चाकावर. बेरीज १९३ किलो. मुळात गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेल्या भारापेक्षा हे ओझं जास्तच आहे. पण रोज तेच न्यावं लागत असेल, तर निदान टायर तरी त्याखाली दबणारा नको. ४७ चा टायर इथे १८ किलोंनी कमी पडतो. ५४ चा टायर तो भार पेलतो. दोन्हींचं माप एकच, दोन्ही त्याच रिमवर बसतात, आणि दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी रचलेले असतात.

कमी भाराचा टायर पहिल्या दिवशी फुटत नाही. तो ओझ्याखाली जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि त्यामुळे जास्त तापतो. रबराच्या आत नायलॉनच्या धाग्यांचे थर असतात. उष्णतेने रबर आणि धागा यांची पकड सुटत जाते, आणि काही महिन्यांनी टायरच्या बाजूला बोराएवढा फुगवटा दिसू लागतो. अशा टायरवर गाडी चालवणं धोक्याचं आहे, आणि तो फुगवटा कुठल्याही पॅचने दुरुस्त होत नाही.

त्यामुळे दुकानात पहिलं काम हे, की जुन्या टायरवरचं माप, भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर कागदावर उतरवून न्यायचं. नव्या टायरवरचा भाराचा आकडा तेवढाच किंवा त्याहून मोठा हवा. जुना टायरच आधी कुणीतरी चुकीचा बसवला असण्याची शंका असेल, तर गाडीच्या माहितीपुस्तिकेतला आकडा प्रमाण मानायचा.

जन्मतारीख

टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर; म्हणजे जूनच्या सुरुवातीचा.

हे बघायचं, कारण टायर न वापरताही म्हातारा होतो. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन यांनी रबर कडक होत जातं. हे टाळण्यासाठी रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरत राहिला की ते पृष्ठभागावर येऊन थर धरतात. दुकानाच्या दारात उन्हात टांगून ठेवलेल्या टायरला हे संरक्षण पुरत नाही. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर तो टायर कितीही नवा कोरा दिसला तरी परत करावा. पाच वर्षांचा झालेला टायर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो वापरूच नये, असा सल्ला टायर कंपन्याच देतात.

"साहेब, जुना स्टॉक आहे, दीडशे कमी करतो," असं दुकानदाराने सांगितलं, तर आधी चौकटीतले आकडे बघावेत. सात-आठ महिने सावलीत राहिलेला टायर सवलतीत मिळत असेल तर तो चांगला सौदा आहे. तीन वर्षं पडून राहिलेल्या टायरचं निम्मं तारुण्य दुकानातच सरलेलं असतं. तिथे दीडशे रुपयांची सूट तोट्याचीच.

नावाचे पैसे आणि रबराचे पैसे

भारतात दुचाकीचे टायर बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. एमआरएफची सुरुवात १९४६ मध्ये मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला, मुलांचे फुगे बनवणाऱ्या एका शेडमध्ये झाली. सिएटचा जन्म १९२४ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरातला. १९५८ मध्ये ती मुंबईत आली, आणि आज तिच्या नागपूरजवळच्या कारखान्यात दुचाकीचे टायर बनतात. टीव्हीएस श्रीचक्र मदुराईची, तिचे टायर युरोग्रिप या नावाने विकले जातात. रॅल्को आणि मेट्रो या लुधियानाच्या. अपोलो आणि जेके या मुख्यतः ट्रक आणि मोटारींच्या टायरसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपन्याही आता दुचाकीच्या बाजारात आहेत.

यातल्या कुठल्याही टायरवर आयएसआय चिन्ह असायलाच हवं. केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशाने टायर-ट्यूबसाठी ते सक्तीचं केलं आहे, आणि दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठी 'आयएस १५६२७' हे मानक आहे. चिन्हाबरोबर परवाना क्रमांकही ठसवलेला असतो. ज्यावर हे चिन्ह नाही, तो टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये. हे चिन्ह, योग्य भाराचा आकडा आणि ताजी तारीख या तिन्ही गोष्टी जुळत असतील, तर कमी गाजलेल्या कंपनीचा टायर घ्यायला मुळीच हरकत नाही. रोज ४०-५० च्या वेगाने गावातून तालुक्याला जाणाऱ्या गाडीला ते पुरेसं आहे.

अशा गाडीला रेडियल टायरचीही गरज नसते. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना कंपनीकडूनच नायलॉनचे तिरपे थर असलेले साधे टायर येतात. त्यांच्या बाजू दणकट असतात, खड्ड्यांचा मार ते चांगला सोसतात आणि स्वस्तही पडतात. रेडियल हे वेगवान, जड गाड्यांचं काम.

जादा पैसे टाकायचेच असतील तर ते कुठे टाकायचे? रबराच्या जातीत. एकाच कंपनीत दोन तऱ्हेचे टायर मिळतात. एकाचं रबर जरा कडक असतं. तो जास्त किलोमीटर चालतो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड थोडी कमी. दुसऱ्याचं रबर मऊ असतं. तो रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. मागचं चाक गाडी ढकलतं आणि ओझं वाहतं, त्यामुळे तेच लवकर झिजतं. तिथे जास्त चालणारा टायर परवडतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झेपावतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक जरा घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढचा टायर घेताना दोनशे रुपये जास्त देऊन पकडीचा टायर घ्यावा. तो पुष्कळ दिवस टिकतो, त्यामुळे हे दोनशे रुपये सारखे सारखे द्यावे लागत नाहीत.

करातही आता फरक पडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत १,००० रुपये असेल तर पूर्वी १,२८० द्यावे लागायचे, आता १,१८०. म्हणून पक्कं बिल मागावं आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. टायरमध्ये कारखान्याचा दोष निघाला, तर कंपनी बिल बघूनच भरपाई देते. शंभर रुपये वाचवायला बिनबिलाचा टायर घेतला, की हा हक्क गेला.

किलोमीटरला किती पैसे

स्वस्त-महाग ठरवायचा खरा हिशेब किलोमीटरचा असतो. समजा, १,५०० रुपयांचा टायर १५,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १० पैसे पडले. १,९०० रुपयांचा टायर २५,००० किलोमीटर चालला, तर साडेसात पैशांच्या आसपास. सुरुवातीला महाग वाटलेला टायर शेवटी स्वस्त पडला.

त्याच गाडीचं पेट्रोल बघू. लिटरला १०४ रुपये आणि सरासरी ६० किलोमीटर धरलं, तर किलोमीटरला सुमारे १ रुपया ७३ पैसे. चाकात हवा कमी असल्यामुळे यात पाच टक्के वाढ झाली, तरी ते साडेआठ पैसे होतात. म्हणजे कमी हवेवर चालणारी गाडी जवळजवळ एका टायरच्या किमतीचं पेट्रोल हळूहळू पिऊन टाकते. वर कमी हवेने टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात आणि टायरही लवकर जातो.

मोजक्या पैशांत जगणाऱ्या घरासाठी टायरमधली सगळ्यांत मोठी बचत ही अशी हवेत आहे. दर आठ दिवसांनी, सकाळी गाडी थंड असताना हवा तपासावी. १०० ते १५० सीसीच्या पुष्कळ गाड्यांना पुढे २५ आणि एकट्यासाठी मागे २८ असा आकडा दिलेला असतो. डबल सीट किंवा ओझं असेल तर मागे जास्त. आपल्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत मिळतो, पुष्कळदा गाडीवरच्या स्टिकरवरही असतो. पैसे देऊन नायट्रोजन भरण्याची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

जिथे काटकसर अंगाशी येते

गावोगावी गोटा झालेल्या टायरवर धारदार पात्याने नव्या खाचा पाडून देणारे कारागीर भेटतात. टायर लांबून नवा दिसतो. पण खाच पाडताना आतल्या धाग्यांवरचं उरलंसुरलं रबरच कापलं जातं. खिळा, खडा, काच आता थेट धाग्याला भिडते. फाटलेल्या जागी जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, घालून काम भागवणं हीदेखील घरी पोचण्यापुरतीच सोय आहे. त्यावर महिनोन्‌महिने गाडी चालवू नये.

रबर चढवलेले, म्हणजे रिमोल्ड टायर एसटीच्या बसलाही असतात. मग मोटारसायकलला का नको, असं विचारलं जातं. बसच्या टायरचा सांगाडा पुन्हा रबर चढवता येईल अशा बेताने भक्कम बनवलेला असतो, तो तपासून निवडला जातो आणि मागच्या बाजूला दोन-दोन चाकं जोडीने असतात. मोटारसायकलचा टायर पातळ. त्यावर चिकटवलेला पट्टा चालत्या गाडीत सुटला, तर सावरायला दुसरं चाक नाही.

जुन्या टायरचा एकच प्रकार बघण्यासारखा असतो. नवी गाडी घेतल्यावर काही हौशी तरुण लगेच रुंद टायर बसवतात आणि मूळचे टायर दुकानात सोडतात. असा टायर, नक्षी पूर्ण, तारीख ताजी आणि आतून एकही पॅच नसेल, तर निम्म्या किमतीत सोनं आहे. आत हात घालून, बोटांनी चाचपूनच तो घ्यावा.

त्या हौशी तरुणांची वाट मात्र धरू नये. रिम अरुंद आणि टायर रुंद असला, की टायरच्या बाजू आत ओढल्या जातात आणि त्याचा माथा जास्त गोल होतो. रस्त्याला टेकणारी जागा हवी तशी राहत नाही, टायर चेनकव्हरला घासू शकतो, गाडी जड चालते आणि पेट्रोल वाढतं. तारांच्या, म्हणजे स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर बसवून ट्यूब वाचवायचा प्रयत्नही फसतो. साध्या स्पोक रिममध्ये तारांच्या भोकांतून हवा निघून जाते. मागचा अर्धा झिजलेला टायर पुढे टाकून फक्त मागे नवा घ्यायची युक्ती तर सगळ्यांत वाईट, कारण जिथे पकड सगळ्यांत जास्त हवी तिथेच झिजलेला टायर जातो.

टायर बसवताना

ट्यूबचा टायर असेल तर नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घ्यावी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो चाक पुढे फिरतं त्याच दिशेला हवा. बाजूला पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा सगळ्यांत हलका भाग असतो. तो व्हॉल्व्हशेजारी आणला की चाकाचा तोल नीट साधतो. चाक बसवल्यावर चेनची सरळ रेषा बघून घ्यावी, कारण चाक तिरकं बसलं तर टायर एकाच बाजूने झिजत जातो.

नवा टायर पहिले काही दिवस गुळगुळीत असतो. साच्यातून निघालेला चकचकीत थर निघून जाईपर्यंत, साधारण शंभर-दीडशे किलोमीटर, गाडी जपून चालवावी. वळणावर आडवी घालू नये आणि जोरात ब्रेक मारू नये.

टायर बदलायची वेळ झाली का, हे घरच्या घरी कळतं. मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी निदान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. खिशातल्या एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. बाद झालेल्या कार्डाची बारीक पट्टी कापून खाचेत आडवी ठेवली आणि ती रबराच्या वर डोकावली, तर टायर संपला. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटेही असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की तोच इशारा. कोरड्या रस्त्यावर गोटा टायरही चालतो, म्हणून माणूस फसतो. पाऊस पडला की रस्ता आणि रबर यांच्यामधलं पाणी बाहेर काढायला या खाचाच लागतात. पहिल्या सरीत तर धूळ आणि सांडलेलं तेल यांचा निसरडा थर रस्त्यावर येतो. मोटारसायकलचा एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर.

म्हणून हे काम मे महिन्यातच करावं. मागच्या चाकाजवळ बसून कार्डाच्या पट्टीने खाच मोजावी, माप, भाराचा आकडा आणि जन्मतारीख कागदावर उतरवावी आणि तो कागद घेऊनच टायरच्या दुकानात जावं. घरात दुधाची, भाजीची किंवा मुलांना शाळेत सोडायची गाडी असेल, तर पहिल्या पावसाच्या आत तिची दोन्ही चाकं बघून घ्या.